चेनसॉचा डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह आणि जड ओढीचं इंजिन सुरू करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक चेनसॉसाठी आहेत, त्यातही साधारण ५० सीसीच्या पुढच्या. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा किंवा वेगळा क्रम दिला असेल तर पुस्तिकेचं ऐका.

डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

सिलिंडरच्या वरच्या भागात एक छोटी झडप बसवलेली असते. तिचं बटण वरच्या कव्हरमधून किंवा बाजूने बाहेर डोकावतं. बटण दाबलं की झडप सिलिंडरच्या आत सरकते आणि बारीक वाट उघडते. पिस्टन वर येताना दाबल्या जाणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा काही भाग त्या वाटेने निसटतो, त्यामुळे इंजिन सुरू करायच्या दोरीला लागणारा जोर कमी होतो.

हा जोर किती असतो ते एका उदाहरणावरून कळेल. हस्कवर्ना ३७२ एक्सपी ७०.७ सीसीचा आहे. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, पिस्टनचा प्रवास ३६ मिमी. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरतं. गेजवर १६० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११.२५ किलो दाब आला, तर पिस्टनवर जवळपास २२० किलोचा भार येतो. हा सगळा भार दोरीवर येत नाही, पण ओढ मध्येच अडते ती याच्यामुळे. स्टिल एमएस ६६१ (९१.१ सीसी), हस्कवर्ना ३९५ एक्सपी (९३.६ सीसी) किंवा १२० सीसीच्या आसपासचे सॉ याहून जड.

म्हणजे हा फक्त खांदा वाचवायला दिलेला पुर्जा आहे?

खांदा वाचतोच, पण वेगाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. चेनसॉला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातलं) चुंबक कॉइलसमोरून जितक्या वेगाने जाईल तितकी ठिणगी चांगली पडते, आणि ठरावीक वेगाच्या खाली ती पडतच नाही. ओढ कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर अडून संपली तर फ्लायव्हील हवा तेवढा फिरलेलाच नसतो. व्हॉल्व्ह दाबल्यावर त्याच ताकदीत इंजिनाचे जास्त फेरे होतात आणि ते वेगाने होतात. म्हणून अंगात भरपूर ताकद असलेल्यानेही तो वापरावा. दोरी, हँडल आणि पुलीचे खटके (ओढताना पुली आणि इंजिन यांना जोडणारे छोटे दात) जास्त टिकतात, हा वरचा फायदा.

बटण आपोआप वर का येतं?

झडप आतल्या बाजूला उघडते, म्हणून सिलिंडरमधला दाब तिला नेहमी बंद करण्याच्या दिशेनेच ढकलतो. दाबलेलं बटण आतल्या खाचेमुळे किंवा घर्षणामुळे खाली टिकतं आणि ओढीच्या वेळचा कमी दाब सहन करतं. मिश्रण एकदा पेटलं की दाब एकदम कितीतरी पटींनी वाढतो, झडप तिच्या बैठकीवर आदळते आणि बटण वर उडतं. पुढे इंजिन चालू असेपर्यंत हाच दाब तिला घट्ट बंद ठेवतो.

मग एकदा दाबलं की पुरे, ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) लावून ओढताना इंजिन एकदा 'फट्' करून बंद पडतं. त्या एका स्फोटाने व्हॉल्व्ह बंद झालेला असतो. आपण चोक काढतो, दोरी धरतो आणि पूर्ण कॉम्प्रेशनवर ओढतो. बोटांना बसणारा हिसका तिथलाच. प्रत्येक 'फट्' नंतर बटण पुन्हा दाबायचं. दर ओढीपूर्वी बटणाकडे नजर टाकायची सवय लावा. खाली असेल तर परत दाबायची गरज नाही.

थंड इंजिन सुरू करण्याचा बरोबर क्रम कोणता?

१. चेन ब्रेक लावा. पुढच्या हँडलसमोरचा गार्ड बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) दिशेने ढकलला की ब्रेक लागतो. बारवरचं कव्हर काढा, चेन कशालाही टेकत नाही ना ते बघा.

२. प्रायमरचा रबरी फुगा असेल तर पाच-सहा वेळा दाबा. तो कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणतो. त्याचा आणि डिकॉम्प्रेशनचा काही संबंध नाही, जरी बरेच जण दोन्हींची गल्लत करतात.

३. चोक पूर्ण लावा. बहुतेक सॉमध्ये चोक लावतानाच थ्रॉटल अर्ध्यावर अडकतो.

४. डिकॉम्प्रेशनचं बटण पूर्ण खाली जाईपर्यंत दाबा. अर्धवट दाबलेलं बटण पहिल्याच फेरीत वर येतं.

५. सॉ सपाट जमिनीवर ठेवा. उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये घाला, डावा हात सरळ ठेवून पुढचं हँडल पकडा, अंगठा हँडलच्या खालून वळवा.

६. दोरी आधी हळूच ओढा. खटके पुलीत अडकले की हाताला कळतं. तिथून पुढे एक जलद, सलग ओढ द्या. दोरी शेवटच्या टोकापर्यंत ताणू नका, आणि हँडल सोडून देऊ नका. हाताने परत आत न्या.

७. पहिला 'फट्' ऐकला की चोक काढा, थ्रॉटल अर्ध्यावरच राहू द्या, बटण पुन्हा दाबा आणि इंजिन चालू होईपर्यंत ओढा.

८. चालू झाल्याबरोबर थ्रॉटलला क्षणभर बोट लावून सोडा, म्हणजे अर्धा थ्रॉटल सुटून इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात मंद वेगावर येईल. इथे रेंगाळू नका. ब्रेक लागलेला असताना इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर राहिलं तर क्लच ड्रमवर घासत राहतो आणि काही सेकंदांत ड्रम, ब्रेकची पट्टी, शेजारचं प्लास्टिक सगळं तापतं.

९. गार्ड मागे ओढून ब्रेक सोडा. लगेच कापायला घेऊ नका, इंजिन थोडं गरम होऊ द्या.

स्टिलच्या एम-ट्रॉनिक (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) सॉमध्ये चोकची वेगळी पायरी नसते. लिव्हर स्टार्टवर ठेवून इंजिन चालू होईपर्यंत ओढायचं. मात्र व्हॉल्व्ह असेल तर तो तिथेही दाबायचाच.

मला पहिला 'फट्' कधी ऐकूच येत नाही. काय करू?

कानावर संरक्षण असताना तो सहज निसटतो. अशा वेळी बटण तुमचा साक्षीदार. ओढीनंतर ते वर आलेलं दिसलं तर मिश्रण पेटून गेलं असं समजा आणि चोक काढा. चोक लावून चार-पाच चांगल्या ओढी झाल्या तरी काहीच हालचाल नसेल, तर चोक तसाच ठेवून ओढत राहू नका. चोक काढून दोन-तीन वेळा ओढून बघा. पुष्कळदा इंजिन तिथे चालू होतं, कारण 'फट्' येऊन गेलेला असतो आणि सगळे स्पार्क प्लग ओला करायच्या मागे लागलेले असतात.

गरम इंजिनालाही बटण दाबायचं?

हो. गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन थंड इंजिनापेक्षा काही कमी नसतं. चोक लावायचा नाही, बटण दाबायचं आणि ओढायचं, बस. एक-दोन ओढींत चालू झालं नाही तर अर्धा थ्रॉटल द्या. तो द्यायला बऱ्याच सॉमध्ये चोक आधी लावून परत काढावा लागतो. दुपारच्या उन्हात वीस मिनिटं बंद राहिलेला सॉ नाटकं करतो ते कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. त्याला सावली आणि थोडा वेळ द्या. व्हॉल्व्हवर शंका घेऊ नका.

दोरी उलटी हिसकली जाते, हँडल हातातून सुटतं. का?

ठिणगी पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडी आधी पडते. चालू इंजिनात फ्लायव्हीलचा जोर पिस्टनला वरच्या टोकापलीकडे नेतो, म्हणून ते चालतं. पण ओढ मंद असेल तर पिस्टन टोकापाशी घुटमळत असतानाच मिश्रण पेटतं आणि त्याला मागे ढकलतं. इंजिन उलटं फिरतं आणि खटके अजून अडकलेले असल्यामुळे दोरी आत ओढली जाते. मोठ्या सॉमध्ये हा झटका बोट मुरगळण्याइतका जोरदार असू शकतो.

उपाय याच क्रमाने करा. आधी बटण दाबलंय याची खात्री. मग ओढीची पद्धत: 'बघू या जमतंय का' अशी अर्ध्या मनाची ओढ सगळ्यात वाईट, कारण वेग नेमका चुकीच्या जागी कमी पडतो. दोरीचा ढिलेपणा आधी हळू काढून घ्या आणि मग न थांबता ओढा. हँडल बोटांत धरा, पण दोरी हाताभोवती गुंडाळू नका.

पद्धत बरोबर असूनही दर दुसऱ्या ओढीला झटका बसत असेल तर फ्लायव्हील काढून त्याची चावी तपासा. क्रँकशाफ्टवर फ्लायव्हीलची जागा धरून ठेवणारा हा छोटा तुकडा अर्धवट कापला गेला की फ्लायव्हील सरकतं आणि ठिणगीची वेळ बदलते. काही सॉमध्ये चावी वेगळी नसते, फ्लायव्हीलमध्येच ओतलेली असते. ती गेली तर फ्लायव्हील बदलावं लागतं.

हातात धरून, सॉ खाली सोडत ओढलं तर चालतं का? सोपं जातं.

जड सॉला तर मुळीच नको. या प्रकारात सॉ एका हातात लोंबकळतो, आणि इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर चालू होतं. ब्रेक लावायला विसरलात तर फिरती चेन मांडीपासून वीतभर अंतरावर असते. दोन रीती मान्य आहेत: वर सांगितलेली जमिनीवरची, आणि मागचं हँडल दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट दाबून, डाव्या हाताने पुढचं हँडल धरून. ७० सीसीच्या पुढे जमिनीवरचीच बरी. लोक सॉ सोडत ओढतात ते बहुधा ओढ जड वाटते म्हणून, आणि ओढ जड वाटते कारण बटण दाबलेलं नसतं.

माझ्या सॉला असा व्हॉल्व्हच नाही. बिघडलाय की काढून टाकलाय?

लहान सॉना तो बहुधा नसतोच, गरज नसते. काही कंपन्या वेगळा मार्ग घेतात. स्टिलच्या काही सॉमध्ये दोरी आणि क्रँकशाफ्ट यांच्यात जास्तीची स्प्रिंग असते. हळू ओढत गेलं की ती भरते आणि मग इंजिन एकदम फिरवते. अशा सॉला जोरात झटका देण्यात काही हशील नाही. काहींच्या हँडलमध्ये नुसता धक्का शोषणारा भाग असतो, त्याने कॉम्प्रेशन कमी होत नाही, हाताला हिसका कमी लागतो इतकंच.

मोठा सॉ असेल तर कव्हर काढून सिलिंडरचा वरचा भाग बघा. व्हॉल्व्हच्या जागी षटकोनी डोक्याचा किंवा ॲलन पान्याचा बंद बोल्ट दिसला तर आधीच्या मालकाने तो काढून प्लग लावलाय. बहुतेक वेळा परत बसवता येतो.

व्हॉल्व्हशिवाय जड इंजिन ओढायची काही युक्ती?

आहे. दोरी अगदी हळू ओढत कॉम्प्रेशनच्या अडथळ्यापर्यंत या. तसंच हळू, जोर लावून पिस्टन त्या टोकावरून पलीकडे जाऊ द्या, अडथळा एकदम सैल होतो तिथे थांबा. आता दोरी हाताने पूर्ण आत जाऊ द्या आणि मग सलग ओढा. पिस्टन टोकाच्या पलीकडून निघाल्यामुळे पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत जवळजवळ पूर्ण फेरा मोकळा मिळतो, तेवढ्यात फ्लायव्हील वेग घेतं. व्हॉल्व्ह असलेल्या पण कॉम्प्रेशन वाढवलेल्या सॉलाही ही युक्ती लागू पडते.

बटण दाबलं तरी टिकत नाही, ओढीबरोबर वर येतं.

तीन कारणं संभवतात. पहिलं, बटण पूर्ण दाबलं जात नाही, कारण कव्हरचं भोक आणि बटण यांच्यात भुसा आणि तेलाचा राप बसलेला असतो. दुसरं, खाली धरून ठेवणारी आतली खाच किंवा पकड झिजली आहे. मग व्हॉल्व्ह बदलण्याला पर्याय नाही. तिसरं, सॉचं कॉम्प्रेशन मूळच्यापेक्षा वाढवलंय आणि ओढीच्या वेळचा दाबच बटण उडवायला पुरतो. तिसऱ्या प्रकारात नवा व्हॉल्व्ह घालूनही तेच होईल.

उलट, बटण वर येतच नाही. सॉ चालतो पण दम नाही.

काजळी अडकली आहे. दांड्यावर किंवा बैठकीवर कार्बन साचला की झडप पूर्ण मिटत नाही. इंजिन फुसफुसतं, रेस घेत नाही, आणि बटणाच्या आसपास गरम वायू येऊन कव्हरचं प्लास्टिक मऊ पडतं. असा सॉ चालवत राहू नका. काजळी का साचली तेही बघा: मिश्रणात ऑइल जास्त पडतंय का, कार्बोरेटर फार रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडणारा) आहे का, की सॉ तासन्‌तास आयडलवर ठेवला जातो? ५० : १ प्रमाणाला एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिली ऑइल, पाच लिटरला १०० मिली. 'थोडं जास्त टाकलेलं बरं' या सवयीचा हिशेब शेवटी प्लग, सायलेन्सर आणि या झडपेवर निघतो.

झडप बारीक गळते आहे, हे कसं ओळखू?

कव्हर काढा. व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा बटणाभोवती ओलसर काळा थर दिसला तर शंका घ्या. सिलिंडर थंड असताना व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बटण वर आहे याची खात्री करा, इंजिनाचा स्विच बंद ठेवा आणि दोरी हळू ओढा. बुडबुडे बटणाच्या दांड्यातून आले तर झडप गळते आहे, बुडातून आले तर व्हॉल्व्ह सैल आहे किंवा त्याची बैठक खराब आहे. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा.

आणखी पक्की परीक्षा बंद प्लगने होते. व्हॉल्व्ह असताना कॉम्प्रेशन मोजा, मग त्या जागी प्लग लावून परत मोजा. आकडा ठळक वाढला तर दोष व्हॉल्व्हचा. जैसे थे राहिला तर स्पार्क प्लगच्या भोकातून ऑइलचे काही थेंब टाकून मोजा. आता वाढला तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. पुष्कळ जण इथेच थांबायचं ते सोडून आधी पिस्टन मागवतात.

कॉम्प्रेशन मोजायचं कसं, आणि किती असावं?

बटण वर म्हणजे व्हॉल्व्ह बंद. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, स्विच बंद. गेज स्पार्क प्लगच्या आट्यांत घट्ट बसवा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत, साधारण सहा ते आठ वेळा, पूर्ण ओढा. रबरी टोक हाताने दाबून धरायचा गेज इथे भरवशाचा नाही. गेजचा एकमार्गी वाल्व्ह प्लगच्या टोकाजवळच हवा. तो नळीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नळीतली पोकळी ज्वलनकक्षात मिळवली जाते आणि एवढ्याशा इंजिनात आकडा बराच कमी येतो. गाडीसाठी घेतलेल्या गेजने चांगला सॉ 'मेलेला' ठरतो तो असा.

धडधाकट सॉ बहुधा १५० ते १७० पीएसआय दाखवतो. १२० च्या खाली गेला की सुरू व्हायला कटकट करतो, १०० च्या आसपास गरम असताना चालूच होत नाही. एका आकड्यावर निकाल देऊ नका. नवा असताना किती होता ते लिहून ठेवलेलं असेल तर तुलना जास्त उपयोगी. आणि हो, आकडा ७०-८० आला म्हणून घाबरण्याआधी बटण चुकून दाबलेलं तर नाही ते बघा.

व्हॉल्व्ह काढून साफ कसा करायचा?

सिलिंडर पूर्ण थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमचे आटे पान्याबरोबर उपटून येतात. व्हॉल्व्हभोवतीचा भुसा ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर तो सरळ सिलिंडरमध्ये पडेल. योग्य मापाचा खोल सॉकेट वापरा. पकडीने धरलात तर षटकोन गोल होतो. भोकात लगेच स्वच्छ कापडाचा बोळा घाला आणि तो परत काढायचं लक्षात ठेवा.

व्हॉल्व्ह खोलायचा नाही. कार्बोरेटर क्लीनर मारून बटण दहा-बारा वेळा दाबा-सोडा, मऊ ब्रशने झडपेच्या कडेची काजळी काढा, हवा मारा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर बैठकीवर फिरवू नका. एक ओरखडा कायमची गळती देतो. साफ झालेली झडप बटण सोडताच टचकन मिटली पाहिजे. अडखळली तर नवा घ्या. या पुर्ज्यावर कंजूषपणा करण्यात अर्थ नाही.

बसवताना आधी हाताने दोन-तीन फेरे. अडलं तर मागे घ्या, जबरदस्ती नको. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, कारण सील बैठकीवर होतं, आट्यांवर नाही. शिवाय टेपचा तुकडा आत जाऊ शकतो. पुष्कळ सॉमध्ये १० मिमीचे बारीक आटे असतात आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) १२ ते १५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. हा आकडा किती लहान आहे ते लक्षात घ्या. स्पार्क प्लग याच्या जवळपास दुप्पट घट्ट असतो.

बटणाची टोपी तुटून पडली. तसाच चालवू का?

नाही. इंजिन बंद करा आणि दोरीही ओढू नका. टोपी किंवा वरची चकती झडपेला बाहेरून धरून ठेवते. ती गेली की झडप आत, पिस्टनवर पडू शकते, आणि मग पिस्टन-सिलिंडर दोन्ही जातात. व्हॉल्व्ह काढून झडप त्यातच आहे का ते बघा. नसेल तर आत शोधा, सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधूनही बघा. तुकडा हाती लागेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही.

आटे गेले तर सिलिंडर टाकून द्यायचा?

लगेच नाही. आट्यांची तारेची गुंडाळी किंवा भरीव बुश बसवून भोक दुरुस्त होतं. पण काम सिलिंडर उतरवून करावं, म्हणजे ड्रिलचा कचरा आत राहणार नाही. गुंडाळीचं आतलं टोक ज्वलनकक्षात डोकावता कामा नये. ते लाल तापतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं.

चालू इंजिनावर बटण दाबलं तर?

बोट भाजेल, बाकी फारसं काही होणार नाही, कारण आतला दाब बटण खाली जाऊच देत नाही. सॉ बंद करायचा हा मार्ग नाही.

ताकद वाढते म्हणून लोक व्हॉल्व्ह काढून बंद प्लग लावतात. खरं आहे का?

नीट बंद होणारा व्हॉल्व्ह ताकद खात नाही. झडपेपुढची चिमूटभर पोकळी प्लगने भरते एवढाच फरक, आणि तो लाकडात जाणवत नाही. 'प्लग लावला आणि सॉ जिवंत झाला' असं कुणी सांगितलं तर त्याचा जुना व्हॉल्व्ह गळत होता असं समजा.

तरी प्लगला जागा आहे. गळका व्हॉल्व्ह काढला आणि नवा यायचा आहे, तोवर काम अडायला नको. किंवा सॉ ५०-६० सीसीचा आहे आणि चालवणाऱ्याला ओढ जड वाटत नाही. ७० सीसीच्या पुढे मात्र ठेवाच. तुम्हाला आज जड वाटत नसेल, पण पंचविसाव्या सुरुवातीला हात थकलेला असतो आणि थकलेल्या हाताची मंद ओढच उलटा झटका देते.

क्रँककेसची (पिस्टनखालच्या, क्रँकशाफ्टच्या पेटीची) हवाबंद चाचणी करतानाही हा बंद प्लग लावावा. व्हॅक्यूमखाली झडप तिच्या स्प्रिंगविरुद्ध आत ओढली जाते आणि नसलेली गळती दाखवते. मग विनाकारण सील बदलले जातात.

सिलिंडरखालचं गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवलंय. आता ओढवत नाही.

आधी सॉ सुरक्षित आहे का ते बघा, ओढीचं नंतर. साधारण दीड मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, इंजिन हाताने टोकावरून फिरवा, चेपलेलं टोक कॅलिपरने मोजा: ते पिस्टन आणि सिलिंडरचं डोकं यांच्यातलं अंतर. पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजा, नाहीतर पिस्टन कलतो आणि आकडा फसवा येतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर गॅस्केट परत घाला. पूर्ण वेगात क्रँक आणि कनेक्टिंग रॉड थोडे ताणले जातात, आणि तेवढ्याने पिस्टन सिलिंडरच्या डोक्याला टेकतो.

अंतर पुरेसं असेल तर व्हॉल्व्ह ठेवा आणि पिस्टन टोकापलीकडे नेण्याची वरची युक्ती वापरा. मूळ सॉलाच बहुतेक कंपन्या किमान ९० आरओएन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) ऑक्टेनचं पेट्रोल सांगतात. कॉम्प्रेशन वाढवल्यावर त्याहून चांगलं लागतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर भाराखाली टकटक आवाज येतो आणि पिस्टनची कड खाल्ली जाते.

बटण दाबलं, तरी ओढ विचित्र जड आहे. दोष कुठे?

स्पार्क प्लग काढून ओढा. तरीही जड असेल तर कॉम्प्रेशनचा प्रश्नच नाही. स्टार्टरचं कव्हर उतरवून तो एकटा ओढून बघा: पुलीत भुसा आणि ग्रीसचा चिखल झालेला असतो, दोरी फुगून मार्गात घासते, किंवा स्प्रिंग जास्त भरलेली असते. दोरी पूर्ण बाहेर काढल्यावरही पुली हाताने निदान अर्धा फेरा पुढे फिरली पाहिजे. फिरत नसेल तर स्प्रिंगचा एक फेरा कमी करा, नाहीतर ती एक दिवस तुटेल. मोठ्या सॉला ४ ते ४.५ मिमीची दोरी लागते, लहान सॉची ३ किंवा ३.५ मिमीची दोरी घातली तर लवकर तुटते. स्टार्टर मोकळा असेल तर क्लचच्या बाजूला बघा: ब्रेकच्या पट्टीत अडकलेला ड्रम, किंवा बारमध्ये रुतलेली चेन.

प्लगच्या भोकातून पेट्रोल उडालं, तर तो सॉ नुसता फ्लड झालाय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. भोक खाली करून पेट्रोल ओघळू द्या, चोक उघडा ठेवून, स्विच बंद करून दहा वेळा ओढा. प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा, कारण बाहेर उडणारी वाफ एका ठिणगीने पेट घेते. प्लग पुसून, अंतर ०.५ मिमी ठेवून बसवा. मग चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण दाबून, डिकॉम्प्रेशनचं बटण दाबून ओढा. या वेळी थ्रॉटल पूर्ण दाबायला तुमचा एक हात गुंतलेला असतो, म्हणून चेन ब्रेक आधी लावा. इंजिन एकदम पूर्ण वेगात उठेल, त्याच क्षणी थ्रॉटल सोडा.